किनारा रद्दीच्या भावात

११ ऑगस्ट, सोमवार

आज जेवताना निमिषनी सांगितलं की ते डिसेंबरात शिडाच्या बोटीने कोचीला जाणार आहेत. मी विचारलं, भात वाढू का. वाढ म्हणाले.

मार्चमध्ये त्यांच्या औषध कंपनीने कारखाना गुजरातला हलवला आणि निमिषनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मला ते सह्या झाल्यावर कळलं. तेव्हापासून ते पुढच्या खोलीतल्या पलंगावर पडून पंख्याकडे बघतात. लाइट गेलेले असतानाही बघतात. वाडीत येत नाहीत, पारनाक्याला बाजाराला जात नाहीत, चाफ्याच्या झाडांना औषध मारायचं आहे म्हटलं तर "बघू" म्हणतात. त्यामुळे आज ते सलग चार वाक्यं बोलले तेव्हा त्या वाक्यांत काय आहे याकडे माझं लक्ष जरा उशिराच गेलं.

बोट शर्लीची. शर्ली आमच्या भुईगावचीच, चर्चच्या पलीकडच्या आळीतली, निमिषच्या वर्गातली. बरीच वर्षं ती मुंबईत श्रीमंत लोकांच्या शिडाच्या बोटी चालवायची. त्यांतलीच एक जुनी झालेली तिने स्वतःसाठी घेतली आहे. पाचूबंदरला ठेवली आहे आणि तिला आपल्या आईचं नाव दिलं आहे, 'क्लारा'. कोचीपर्यंत जायला तिला एक जोडीदार हवा होता. निमिषनी हात वर केला.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोघंच?"

"दोघंच," निमिष म्हणाले.

"मंग गावात कोनी विचारलं तर?"

"कोचीला गेलाय म्हणून सांग."

माझ्याकडे एक काम आलं आहे. नकाशे. शर्लीला समुद्राचे कागदी नकाशे हवेत, वसईपासून कोचीपर्यंतचे, आणि परवडतील असे. "स्वस्तातलं शोधून काढणं मेघनाला जमतं," असं निमिषनी तिला सांगितलं म्हणे. हे कौतुक आहे असं समजून मी कामाला लागते आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

रेवाचा पुण्याहून फोन. तिला सांगितलं की तुझे बाबा समुद्रातून कोचीला जाणार आहेत. ती म्हणाली, "बाबा उठले?" मी म्हटलं, उठले. मग म्हणाली, नकाशे कशाला शोधतेस, फोनमध्ये अ‍ॅप असतं.

हे मी शर्लीला सांगितलं. ती म्हणाली, "अ‍ॅप आहेच ना माझ्याकडे. बोटीवर स्क्रीनपण आहे. पण एकदा मुरुडसमोर दोन्ही एकदम बंद पडले होते. स्क्रीन बंद पडला ना, की समुद्र कोरा. सगळीकडे सारखाच निळा. मला कागद पाहिजे."

तिच्या बोलण्याचं मी काही मनावर घेतलं नाही. पण फरशी पुसताना सारखं तेच डोक्यात येत होतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

फोर्टातल्या नकाशांच्या दुकानात जाऊन आले. दुकान थंडगार. माणूस अतिशय नम्र. त्याने वसई ते कोचीसाठी कुठकुठले नकाशे लागतील ते काढून टेबलावर पसरले आणि एकाची किंमत सांगितली. मला ती सगळ्यांची मिळून वाटली. गैरसमज दूर झाल्यावर त्याने मला पाणी दिलं.

पण मी तासभर तिथेच होते. समुद्राच्या नकाशात जमीन म्हणजे नुसता पिवळा पट्टा. गावं नाहीत, रस्ते नाहीत. आम्ही जिथे राहतो तिथे काहीच नाही. जे काही आहे ते सगळं पाण्यात आहे. आकडेच आकडे, ठिपके, बारीक अक्षरं. जिथे मला आजवर काहीच दिसत नव्हतं तिथे इतकं सगळं लिहिलेलं असेल याची कल्पना नव्हती.

२३ ऑगस्ट, शनिवार

माणिकपूरला इमारतींचे प्लॅन छापून देणारं एक दुकान आहे. शर्लीने कुठूनशी एक फाइल दिली होती ती छापून आणली. त्या माणसाने कागदात बसावी म्हणून ती लहान केली, आणि तरी बसेना म्हणून वरून-खालून जरा दाबली. त्यामुळे कोकण किनारा आखूड झाला. शर्ली म्हणाली, या हिशोबाने आपण दुपारच्या चहाला रत्नागिरीत असू. कागद सासूबाईंनी कपाटात साड्यांखाली अंथरायला घेतला.

६ सप्टेंबर, शनिवार

गणपती झाले. आज मुंबईत दारूखान्याला गेले.

ही युक्ती शर्लीची. भंगारात निघालेल्या जहाजांवरचं सामान तिथे विकायला येतं. जहाजं आता स्क्रीनवर चालतात, त्यामुळे कागदी नकाशे गठ्ठ्यांनी रद्दीत येतात. हंसाबेन नावाच्या एका बाईंचं दुकान सापडलं. दारात घंटा, दोरखंड, जहाजावरच्या खुर्च्या. आत नकाशांची थप्पी माझ्या छातीएवढी.

"कुठला समुद्र पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"आपलाच. पश्चिम किनारा."

"सगळा मिक्स आहे. तूच काढ. मला खाली बसता येत नाही."

मी बसले. नॉर्वे निघालं. चिली निघालं. तांबडा समुद्र दोनदा निघाला. नॉर्वेचे नकाशे त्यांनी माझ्या हातून काढून बाजूला ठेवले. "त्याला भाव आहे. कॅफेवाले घेऊन जातात, फ्रेम करून लावतात. बघ ना, किती वळणं आहेत."

"आणि आपले?"

"आपला किनारा कोण लावतो भिंतीवर? रद्दीच्या भावात घेऊन जा."

तिथे बसून मी जेवायचं विसरले हे घरी आल्यावर लक्षात आलं. मुंबई, मुरुड, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, गोवा, कारवार, मंगळूर. कोचीचा मात्र शर्ली नवाच विकत घेणार आहे. मोठ्या बंदरात रद्दीवर विसंबून शिरायचं नाही, असं तिचं म्हणणं.

विजयदुर्ग ते वेंगुर्ला हा तुकडा मिळाला नाही. हंसाबेन म्हणाल्या, एखादं जहाज आलं तर ठेवून देते. जहाज फुटायची वाट बघणं मला बरोबर वाटेना.

१४ सप्टेंबर, रविवार

गिरीजला कॅप्टन शत्रुघ्न राहतात, मालवाहू जहाजांवरून निवृत्त. नेमका तो विजयदुर्ग-वेंगुर्ल्याचा नकाशा त्यांच्याकडे आहे, असं शर्लीला कळलं. आहे खरा. जेवणाच्या टेबलावर, जाड काचेखाली. कॅप्टनांनी तो द्यायला नकार दिला, काच उचलायलाही नकार दिला. "चार माणसं लागतात. मागच्या वेळी उचलली तेव्हा साडू कमरेतून गेला." पण ट्रेसिंग पेपर ठेवून काढून न्यायला हरकत नाही म्हणाले.

मी खुर्चीवर उभी राहून काढत होते, कारण काच जाड असली की तिरकं बघून चालत नाही. साडेबारा वाजता त्यांची जेवायची वेळ झाली. त्यांच्या बाईंनी डाळीचं पातेलं देवगडवर ठेवलं. मी वेंगुर्ल्याकडून सुरुवात केली. पापड निवतीच्या खडकांवर होते, ते उचलेपर्यंत थांबले. मलाही ताट वाढलं. जेवून पुन्हा खुर्चीवर चढले.

कॅप्टन मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "आकड्यांशेजारी बारीक अक्षरं आहेत, तीपण घ्या. तळाला रेती आहे, चिखल आहे की खडक, ते त्यावरून कळतं."

"घेतली आहेत."

"कोण जाणार आहे बोटीवर?"

"माझे मिस्टर."

"अस्सं," ते म्हणाले.

संध्याकाळी घरी आले तर निमिष वाडीत केळीला पाणी सोडत होते. मी काही बोलले नाही. बोलले की थांबतील असं वाटलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

जुना नकाशा जुनाच राहतो असं नाही. दीपगृहं बदलतात, पाण्यावरचे बोये हलवतात, एखादी बोट बुडते आणि तिथेच राहते. हे बदल सरकारकडून ठरावीक दिवसांनी 'नाविकांना सूचना' म्हणून निघतात आणि ते फुकट असतात. मागच्या सगळ्या सूचना काढून आपल्या नकाशात बारीक निबाने, किरमिजी शाईने भरायच्या. शर्लीने दोन करून दाखवल्या आणि ती जांभई देऊ लागली. तेव्हापासून मीच करते आहे.

पहाटे चाफा तोडून फुलांच्या पुड्या दादरला रवाना झाल्या की मी टेबल पुसून बसते. काल दाभोळसमोर एक बुडालेली बोट भरली. कुठल्या साली बुडाली ते लिहिलेलं नव्हतं. त्यावर कोण होतं असा विचार करत थोडी बसून राहिले, मग पुढचा दिवा.

निमिष माझ्यासमोर येऊन बसतात. नकाशाकडे बघतात, माझ्याकडे बघतात. आज विचारलं, "कंटाळा नाही येत?"

मी म्हटलं, तुमच्यासाठीच करते आहे. तुम्ही खडकावर जाल ते मला चालणार नाही.

"ते झालंच," म्हणाले.

१२ ऑक्टोबर, रविवार

निमिष आणि शर्ली 'क्लारा' घेऊन अर्नाळ्यापर्यंत जाऊन आले. निमिष परत आले ते हिरवे होऊन. जाताना दोनदा उलटी झाली, येताना मोजलं नाही म्हणाले. आल्यावर पलंगावर पडले. मी दारातून बघितलं. डोळे मिटलेले होते, पंख्याकडे बघत नव्हते, म्हणून बरं वाटलं.

शर्ली म्हणाली, सुरुवातीला होतं सगळ्यांना.

२६ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा, कारण चूक माझी आहे.

खाडीच्या तोंडाचा नकाशा तपासायचा होता म्हणून मीही बोटीवर गेले. मी आजवर शिडाच्या बोटीत बसले नव्हते. इंजिन बंद करून शीड वर घेतलं तेव्हा सगळा आवाज गेला आणि बोट एका अंगावर झुकून आपणहून निघाली. मी नकाशा धरून बसले होते. निमिष कठडा धरून बसले होते.

"पाणी किती?" शर्लीने विचारलं.

मी बघून सांगितलं, "सहा."

"सहा मीटर? मस्त. जाऊ दे."

सहा फूट होतं. हा नकाशा फार जुना, त्यात खोली फुटांत दिलेली. तसं त्याच्या कोपऱ्यात स्पष्ट लिहिलंही होतं. कोपरा मी वाचला नव्हता. ओहोटी लागलेली. बोट आधी हळू झाली, मग थांबली, मग एखादी म्हैस बसते तशी चिखलात बसली.

शर्ली मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने इंजिन उलटं फिरवून बघितलं, बंद केलं आणि म्हणाली, "आता भरतीपर्यंत बसा." पाणी उतरत गेलं तशी बोट आणखी कलली आणि आम्ही तिघं भिंतीला टेकल्यासारखे बसलो. पाचूबंदरची एक होडी बाजूने गेली. त्यातल्या माणसाने आमच्याकडे बराच वेळ बघितलं. "पानी येल," म्हणाला आणि गेला.

मी डब्यातली राजेळी केळी काढली. आणि निमिष बोलायला लागले. कारखान्याच्या शेवटच्या दिवसाबद्दल, यंत्रं ट्रकवर चढवताना त्यांनाच याद्या तपासायला कसं उभं केलं होतं त्याबद्दल. घरी येऊन मला सांगायचं म्हणून ते स्टेशनवरून चालत निघाले, गास गावापर्यंत आले आणि काय सांगायचं तेच विसरले. एवढं सगळं त्यांनी आजवर मला सांगितलं नव्हतं. शर्ली केळं खाता खाता समुद्राकडे तोंड करून बसली होती. निमिषना उलटी वगैरे काही नाही. चेहरा छान. बोट जमिनीला टेकलेली असली की निमिषना समुद्र आवडतो.

पाणी आलं, बोट उठली, आम्ही परतलो. रात्री मी सगळ्या नकाशांच्या कोपऱ्यांत फूट, वाव (म्हणजे सहा फूट) की मीटर ते लाल शाईने ठळक लिहिलं. मला एकदाही मळमळलं नाही हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. त्याला काही महत्त्व नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

निमिषचा गुडघा दुखू लागला आहे. उजवा. बोटीवर बसता-उठताना फार त्रास होईल म्हणाले. मी तीळतेल गरम करून चोळलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

निमिष आज शिडी लावून चाफ्याच्या शेंड्यापर्यंत गेले आणि फांद्या छाटल्या. मी विचारलं, गुडघा? म्हणाले, चढताना दुखत नाही. उतरतानाही नाही. बोटीचं वेगळं असतं. डॉक्टरांना दाखवायला हवं, पण त्यांना वेळ नाही. उद्या खत घालायचं आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

शर्ली घरी आली. निमिषनी तिला सांगून टाकलं की गुडघ्यामुळे आपल्याला जमणार नाही. ती जरा बसली आणि म्हणाली, मग एकटीने नाही जमायचं, परवानगीच्या कागदांवर दोन नावं टाकली आहेत, पुढच्या वर्षी बघू.

"पुढच्या वर्षी कशाला? मेघनाला ने," निमिष म्हणाले.

मी स्वयंपाकघरात होते. बाहेर येऊन स्पष्ट नाही म्हणाले. चाफा कोण तोडणार, सासूबाईंचं कोण बघणार, रेवा नाताळात येणार आहे. मला नीट पोहताही येत नाही, आमच्या विहिरीत येतं तेवढंच. आणि मी काही बोटीवर जायला म्हणून हे केलेलं नाही.

शर्ली म्हणाली, चहा छान झालाय. चहा निमिषनी केला होता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

भांडण झालं. वीस वर्षांत इतकं झालं नव्हतं.

मी म्हटलं, तुम्ही जाणार म्हणून मी उन्हातान्हात हिंडले. तुम्ही उठलात याचंच मला पुष्कळ होतं, तुम्ही कोचीला गेला काय आणि न गेला काय. पण आता तुम्ही माघार घेणार आणि उद्यापासून पुन्हा त्या पंख्याकडे बघत पडणार. ते मला पुन्हा बघायचं नाही.

"पंखा बंद ठेवीन," ते म्हणाले.

"हसण्यावारी नेऊ नका."

"नेत नाही." मग जरा वेळाने म्हणाले, "तो नकाशा मला नुसता बघता येतो, मेघना. तुला वाचता येतो."

म्हटलं, सहा फुटांचे सहा मीटर केले मी.

"आता करशील का?"

मी भाजी चिरायला घेतली. त्यांना माझी कामं कळत नाहीत म्हणून ते असं बोलतात. उद्या शर्लीला शेवटचं नाही म्हणून सांगायचं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शर्लीकडे गेले होते. नाही म्हणायच्या आधी तिने विचारलं की मालवणसमोर रात्रीचं थांबायला जागा कुठे आहे असं तुला वाटतं. मी सांगितलं. मग बोलणं तिकडेच गेलं. नाही सांगायचं राहिलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सासूबाईंनी जेवताना आपणहून विषय काढला. "शर्ली आनि ही, दोघी बायाच. मंग गावात कोन काय बोलनार?"

मी म्हटलं, तुमचं कोण बघणार?

"माझं काय बघायचं हाय? मी हितंच हाय." मग वरण मागून घेतलं आणि म्हणाल्या, "मला अर्नाळ्याच्या पुढं कोनी कदी नेलं नाय. जा बाय तू."

निमिष म्हणाले की थंडीत चाफा तसाही कमी असतो आणि तोडायला ते आहेत. रेवा फोनवर म्हणाली की नाताळात ती इथेच येणार होती, माझ्यासाठी नव्हे, घरी येणार होती. म्हणजे माझ्यावाचून कोणाचंच अडत नाही. हे कळलं ते बरं झालं, तरी थोडं लागलं.

पोहण्याचं तेवढं राहिलं. त्याला शर्लीने लाइफ जॅकेट दिलं.

मी हो म्हटलेलं नाही. पण नकाशांची गुंडाळी बोटीवर न्यायची म्हणून प्लास्टिकचा पाइप कापून दोन्ही बाजूंना झाकणं लावून घेतली आहेत. नकाशे तर जातीलच, कोणीही गेलं तरी.

२५ डिसेंबर, गुरुवार

शर्लीकडे नाताळचं जेवण. तिच्या मोठ्या बहिणीने, फेलिशियाबाईंनी, माझा हात धरून सांगितलं की शर्ली लहानपणापासून कोणाचं ऐकत नाही, तेव्हा तूच तिचं ऐकू नकोस. फादर आशीर्वाद द्यायला आले होते, त्यांनी वाकायला लावून मलाही दिला. घरी येऊन देवापुढे दिवा लावला.

सोमवारी निघायचं आहे. मला भीती वाटते. तिथे काही झालं तर या माणसांना फोन कोण करणार, असा विचार सारखा येतो. मग लक्षात येतं की मीच असेन किंवा शर्ली. भीती वाटते म्हणून निमिषना सांगितलं. ते म्हणाले, मलाही वाटते. त्यानंतर दोघांनाही झोप लागली.

२९ डिसेंबर, सोमवार. बोटीवर

पाचूबंदरला सासूबाई रिक्षाने आल्या आणि रिक्षातच बसून राहिल्या. निमिषनी दोरी सोडली. मी हात हलवायला वळले तर शर्ली म्हणाली, पुढे बघ, खाडीचं तोंड येतंय. पुढे बघितलं. पुन्हा वळले तेव्हा कोण कोण आहे ते ओळखू येत नव्हतं.

२ जानेवारी, शुक्रवार. जयगड

सकाळी जमिनीकडून वारा, दुपारनंतर समुद्राकडून. दिवसा चालतो, संध्याकाळी एखाद्या खाडीत नांगर टाकतो. हाताला फोड आले, ते फुटले. शर्ली घोरते.

दाभोळसमोर ती बुडालेली बोट मी भरली होती तिथून गेलो. वर काहीच दिसत नाही, साधं पाणी. शर्ली म्हणाली, लांबून का घेतलंस. मी सांगितलं. तिनेही पाण्याकडे बघितलं.

६ जानेवारी, मंगळवार. मालवणच्या अलीकडे

काल दिवसभर उन्हात राहून शर्लीला ताप भरला. आज सकाळी गोळी देऊन तिला खाली झोपवलं. सुकाणू माझ्याकडे.

नऊच्या सुमारास वारा गेला. नुसता कमी झाला नाही, गेलाच. शीड ओल्या कपड्यासारखं लोंबू लागलं. धुरकट होतं, किनारा अर्धवट दिसत होता. मी इंजिन चालू केलं. ते दोनदा घरघरलं आणि बंद पडलं. मागे वाकून बघितलं तर इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात जाळ्याचा तुकडा गुंतलेला. आणि प्रवाह बोटीला हळूहळू आत ओढत होता. आत खडक आहेत. भरतीत दिसत नाहीत ते जास्त आहेत.

नकाशा म्हणजे तो ट्रेसिंगचा, माझ्या हाताने काढलेला, गिरीजच्या टेबलावरून. स्क्रीनवरून आपली जागा घेतली आणि त्यावर टिंब केलं. काही वेळाने पुन्हा केलं. दुसरं टिंब खडकांच्या जवळ होतं. तिसरं आणखी. किती वेळ आहे ते त्या टिंबांवरून कळत होतं.

शर्लीला उठवायला दारापर्यंत गेले. ती तोंड उघडं टाकून झोपली होती, गाल लाल झाले होते. उठवून तिला काय विचारायचं हे मला ठरवता येईना. विचारायचं होतं ते कागदावर होतं. परत आले. कोपरा बघितला: वाव. टिंबाजवळचा आकडा सात, शेजारी रेतीचं अक्षर. पुढच्या आकड्याशेजारी खडक लिहिलेलं होतं. तिथपर्यंत गेलो असतो तर नांगर एक तर धरला नसता किंवा सुटला नसता. सात वाव म्हणजे तेरा मीटरच्या आतबाहेर. साखळी आणि दोर मिळून त्याच्या पाचपट सोडायचा, एवढं मला माहीत झालं आहे. पुढे जाऊन नांगर सोडला. साखळी खडखडत गेली. दोर ताणला, बोट वळली आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.

खालून आवाज आला, "काय झालं?"

"नांगर टाकला. वारा नाही आणि इंजिनाच्या पंख्यात जाळं आहे."

"किती पाण्यात?"

"सात वाव. खाली रेती."

मग म्हणाली, "दोन तासांत समुद्रावरून वारा येईल. तेव्हा उठव."

आणि ती पुन्हा झोपली. मी एकटीच बसले होते. दगडांवर पाणी फुटत होतं ते आता दिसायला लागलं होतं, रेवाच्या शाळेचं मैदान होतं तेवढ्या अंतरावर. मग मी तिथेच ट्रेसिंगवर नांगराचं चिन्ह काढलं आणि तारीख टाकली.

वारा आला तोवर मी सुरी मनगटाला बांधून पाण्यात उतरून जाळं कापलं. कमरेला दोरी होती. विहिरीत येतं तेवढं पोहणं पुरलं.

१० जानेवारी, शनिवार. पणजी

मांडवीत आहोत. शर्ली बरी आहे, कालपासून पुन्हा घोरते.

निमिषचा फोन आला. चाफ्याला कळ्या धरल्या आहेत. सासूबाई रोज विचारतात कुठवर पोचली, आणि मग शेजारणीला जाऊन सांगतात. मी मालवणचं सगळं सांगितलं. मग म्हणाले, "बोट कोणत्या बाजूला तोंड करून उभी राहिली?" मी सांगितलं, समुद्राकडे. "बरं," म्हणाले आणि नाक ओढलं. सर्दी झाली असावी.

मग म्हणाले की ते काल मुंबईला गेले होते तेव्हा सहज दारूखान्यावरून आले. हंसाबेनकडे नवा गठ्ठा आला आहे. "कोचीच्या खालचे आहेत. कन्याकुमारी, आणि पलीकडे श्रीलंकेच्या बाजूचे दोन. तुला नकोत ना?"

"आम्हाला कोचीपर्यंतच जायचं आहे."

"हो, मी तेच सांगितलं त्यांना."

शर्ली समोर दोरी गुंडाळत होती. तिने वर बघितलं नाही, पण हात थांबला होता.

"भाव काय म्हणतात?" मी विचारलं.

"रद्दीचाच."

मग घेऊन ठेवा म्हटलं, कोपरे फाटलेले तेवढे घेऊ नका. इतक्या स्वस्तात पुन्हा मिळतील असं नाही.